बोटीच्या इंजिनाचा ऑइल पंप बंद करायचा का? आणि कसा?

हतनूरचे दरवाजे उघडले की तापीकाठच्या बचाव बोटींचे व्हिडिओ आपण मोबाईलवर बघतो. बोटीच्या मागे लटकलेलं इंजिन म्हणजे आउटबोर्ड मोटर. मी इथे फक्त टू-स्ट्रोक मोटरबद्दल सांगतोय. फोर-स्ट्रोकला हे लागू नाही.

ऑटो ऑइल म्हणजे काय?
जुन्या लुनात पेट्रोलमध्येच ऑइल टाकायचे, आठवतं? इथे ऑइलची टाकी वेगळी असते आणि पंप गरजेप्रमाणे ऑइल सोडतो.

बंद का करतात?
पंप किंवा त्याचा गिअर गेला तर ऑइल थांबतं, इंजिन मात्र फिरतच राहतं. थोड्याच वेळात पिस्टन जाम. भर पुरात हे जिवावर बेततं.

कसं करतात?
१. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळा. बहुतेक मोटरींना ५०:१, म्हणजे १० लिटरला २०० मिली. नक्की प्रमाण मॅन्युअलमध्ये बघा. ऑइल टीसी-डब्ल्यू३ दर्जाचंच, बाईकचं नको.
२. पंप आणि त्याला फिरवणारा गिअर काढा, भोकावर प्लेट-गॅस्केट बसवा.
३. इंजिनाकडे जाणाऱ्या ऑइल नळ्यांची तोंडं पक्की बंद करा. हवा शिरली तर इंजिन जास्त तापतं.
४. फक्त ऑइलचा अलार्म काढा. इंजिन तापल्याचा अलार्म चालूच ठेवा.

माझं मत
पंप ठणठणीत असेल तर हात लावू नका. मिश्रणावर धूर वाढतो, प्लग लवकर काळे पडतात. आणि काढलाच, तर टाकीवर ठळक लिहा: ‘ऑइल मिसळूनच भरा’. कोणी एकदा जरी साधं पेट्रोल भरलं, तरी इंजिन गेलंच समजा.