सॅमनच्या दाण्यातलं तेल

नॉर्वेतल्या हित्रा बेटाजवळ १९७० साली ग्रोंटवेट बंधूंनी समुद्रात तरंगती जाळी बांधून सॅमन वाढवले आणि आजच्या सॅमनपालनाचा पाया घातला गेला. त्या काळी खाद्य म्हणजे स्वस्त मासळीचा खिमा, त्यात पीठ कालवून केलेले ओले गोळे. तेलाचा वेगळा विचार कुणी करत नसे. ते मासळीबरोबरच पोटात जायचं.

मग कोरडा दाणा आला. यंत्रातून गरम, फुगून बाहेर पडणारा हा दाणा आतून सच्छिद्र असतो. तो वाळवून बंद पिंपात घालतात, आतली हवा खेचून घेतात, वरून तेल फवारतात आणि हवा पुन्हा आत सोडतात. हवेच्या दाबानं तेल छिद्राछिद्रांत शिरतं. वजनाच्या तिसऱ्या हिश्शाएवढं तेल अशा दाण्यात मावतं. भरपूर तेल मिळालं की मासा ऊर्जेसाठी प्रथिनं फारशी जाळत नाही, ती अंगी लावतो. त्यामुळे पालनवाल्यांना तेल कितीही हवंच होतं.

त्यातलं बरंचसं यायचं पेरूच्या किनाऱ्यावरच्या अँचोवेटा या छोट्या माशातून. या माशाचा भरवसा नाही. १९७० साली पेरूची पकड एक कोटी वीस लाख टनांवर होती; एल निन्यो आणि बेसुमार मासेमारी यांनी मिळून तीन वर्षांत ती वीस लाखांच्या आसपास आणली. १९९७-९८ च्या एल निन्योनंही मोठा फटका दिला. एक मासा वाढवायला दुसऱ्या माशांचे थवे उपसणं मला तरी मुळातच चुकीचं वाटतं.

तेव्हा मोहरीच्या जातकुळीतलं रेपसीड पुढे आलं. १९९० मध्ये नॉर्वेतल्या सॅमनचं सुमारे नव्वद टक्के खाद्य समुद्रातलं होतं, २०१३ मध्ये तीसच्या आसपास. सॅमन वाढलाही छान. पण ज्या ओमेगा-३ साठी लोक तो विकत घेतात, तेच घटलं. जवसासारख्या वनस्पतींच्या तेलात एक ओमेगा-३ आहे, पण त्यापासून लांब साखळीची ईपीए आणि डीएचए ही आम्लं सॅमन पुरेशी बनवू शकत नाही. स्टर्लिंग विद्यापीठातल्या संशोधकांना २००६ ते २०१५ या काळात स्कॉटलंडच्या पाळीव सॅमनमधली ही आम्लं निम्म्यावर आलेली आढळली. काही ठिकाणी शेवटचे काही महिने पुन्हा माशाचं तेल देऊन ही तूट भरून काढतात.

ही आम्लं अँचोवेटाही स्वतः घडवत नाही. ती घडतात समुद्रातल्या सूक्ष्म शैवालांत आणि खाणाऱ्याकडून खाणाऱ्याकडे चढत जातात. म्हणून अमेरिकेत नेब्रास्कातल्या ब्लेअर इथे २०१९ पासून मक्याच्या साखरेवर, टाक्यांमध्ये, उन्हाशिवाय शैवालजातीचे सूक्ष्मजीव वाढवून थेट त्यांचं तेल काढतात.

आपल्या रोहू-कटल्याला भाताचा कोंडा आणि शेंगदाण्याची पेंड पुरते. जिताडा मात्र मांसाहारी, त्याला ही लांब साखळीची आम्लं लागतातच. कोकणातल्या खाड्यांत जिताडा पाळणाऱ्यांनी तारलीवर हात टाकण्याआधी या शैवालतेलाचा विचार करावा.