मक्त्याची बोली आणि दिवाणाची कसोटी

सरकारी मक्ता कोणाला द्यावा, हे ठरविणाऱ्याच्या हाती एक तराजू असतो. त्या तराजूत नेमके काय तोलावे, हा प्रश्न किती मोलाचा आहे याचा दाखला ग्वाल्हेरच्या इतिहासात सापडतो.

शिंद्यांच्या या राज्यात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जमीनमहसुलाची वसुली इजाऱ्याने देण्याची वहिवाट होती. जो अधिक रकमेची कबुलायत लिहून देई, त्याला परगण्याच्या वसुलीचा अधिकार मिळे. दरबाराला रक्कम आगाऊ ठाऊक होई आणि हिशेबही सोपा राही. परंतु बोलीतला आकडा तेवढा पाहिला जाई. ती रक्कम उभी कोठून राहणार, हे पाहिले जात नसे. मग इजारदार बोलीची भरपाई आणि वर आपला नफा रयतेकडून उकळी. दरबारात सर्वांत मोठी ठरलेली बोली शेतकऱ्याच्या दारी सर्वांत जाचक ठरे.

देवरुख येथे १८१९ साली जन्मलेले दिनकरराव राजवाडे वडिलांच्या पश्चात तंवरघार विभागाचे कारभारी झाले. तेथील महसूल व पोलीस या खात्यांची त्यांनी घडी बसविली. १८५२च्या सुमारास, महाराज जयाजीराव अल्पवयीन असताना, दिवाणगिरीची सूत्रे त्यांच्याकडे आली. त्यांनी इजाऱ्याची पद्धत मोडून काढली आणि कारभाराचे नियम ‘दस्तुरुल अमल’ या नावाने लेखी घालून दिले. तिजोरी रिकामी होती, म्हणून काटकसरीचा आरंभ त्यांनी स्वतःपासून केला. दिवाणाचे दरमहा ५,००० रुपयांचे वेतन त्यांनी २,००० रुपयांवर आणले. १८५९ साली त्यांनी दिवाणपद सोडले.

आजच्या खरेदीच्या निविदांत आकड्याची दिशा उलटली आहे. तेव्हा मान चढ्या बोलीचा होता, आता तो उतरत्या दराचा आहे. धोका मात्र तोच राहिला आहे. न परवडणारा दर भरणारा पुरवठादार तूट भरून काढतो ती हलक्या मालातून. म्हणूनच तांत्रिक पात्रतेचा लिफाफा आधी आणि दराचा नंतर उघडण्याची पद्धत रूढ झाली. मात्र पात्रतेची अट एकासाठी ताठ आणि दुसऱ्यासाठी सैल झाली, तर दोन लिफाफ्यांनीही काही साधत नाही.

मुंबईच्या विमानतळावरील उपाहारगृहाच्या निविदेबाबत सर्वोच्च न्यायालयाने १९७९ साली हेच तत्त्व मांडले. अनुभवाची जाहीर केलेली अट पुरी न करणाऱ्याला मक्ता मिळाला होता. स्वतः घातलेली अट सरकारी संस्थेवरही बंधनकारक असते, असे न्यायालयाने बजावले. तरीही दाद मागण्यास झालेला विलंब आणि मधल्या काळात झालेला खर्च लक्षात घेऊन तो मक्ता रद्द झाला नाही. तत्त्व जिंकले, पण अट वाचून ज्यांनी निविदाच भरली नसेल, त्यांच्या पदरी काही पडले नाही.

निविदेतील अन्याय मागाहून क्वचितच धुऊन निघतो. तो टाळण्याची खरी जागा म्हणजे लिफाफे उघडण्याचे मेज होय. तेथे बसणाऱ्याने नियम आधी लिहावा, सर्वांना एकच माप लावावे, आणि ते माप प्रथम स्वतःला लावून पाहावे.