आडनावाच्या आधीचं नाव

नेल्सन मंडेलांना अवघा दक्षिण आफ्रिका 'मदिबा' म्हणून हाक मारायचा. आपल्याकडे अनेकांना ते लाडाचं टोपणनाव वाटतं, पण मदिबा हे त्यांच्या कुळाचं नाव आहे. अठराव्या शतकात थेंबू लोकांवर राज्य करणाऱ्या पूर्वजाचं हे नाव. त्याच्या वंशातला प्रत्येक जण, गुरं राखणारा असो की राष्ट्राध्यक्ष, मदिबाच. थेंबू बोलतात त्या खोसा भाषेत अशा कुळनावाला 'इसिदुको' म्हणतात.

त्या मानानं आडनाव अगदी अलीकडचं. थेंबूंचा राजा न्गुबेन्गचुका याच्या एका मुलाचं नाव मंडेला होतं. हा नेल्सन यांचा आजा. मिशनच्या शाळा आणि सरकारी नोंदवह्या आल्या, त्यांना प्रत्येकाचं आडनाव हवं होतं, आणि आजाचं नाव घराण्याला चिकटलं. घरच्यांनी ठेवलेलं नाव रोलिह्लाह्ला. 'नेल्सन' हे शाळेत बाईंनी दिलेलं. एवढी नावं असूनही मनापासून आदर दाखवायचा तर 'मदिबा'च म्हणायचं. खोसा रीत तशीच आहे. एखाद्याचे आभार मानायचे, त्याची समजूत घालायची किंवा दुःखात त्याला धीर द्यायचा, तर कुळाच्या नावानं बोलावतात. त्याला उद्देशून बोललेला शब्द त्याच्या पूर्वजांपर्यंत पोचतो, अशी त्यामागची श्रद्धा आहे.

इसिदुको एकाच नावावर संपत नाही. मदिबा म्हटलं की पाठोपाठ येम-येम, सोफित्शो, न्गोलोम्सिला अशी नावं येतात. ही पूर्वजांची माळ पोरं मोठ्यांच्या तोंडून ऐकत पाठ करतात. बाळाची पूर्वजांशी ओळख करून देण्यासाठी बकरा कापतात, त्या 'इम्बेलेको' विधीत ती म्हटली जाते. मुलगा सुंता होऊन पुरुषांत येतो तेव्हा म्हणतात, आणि गुरांच्या गोठ्यात उभं राहून घरातला वडीलधारा पितरांना हाक देतो तेव्हाही. अनोळखी माणसं भेटली की 'तुझं कुळ कोणतं?' हा प्रश्न लवकरच येतो. कुळ एकच निघालं तर दोघं भावंडं ठरतात आणि त्यांच्यात लग्न होऊ शकत नाही. आईच्या कुळातही सोयरीक चालत नाही.

यातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. लग्न झालं तरी खोसा बाईचं कुळ बदलत नाही. सासरी तिला तिच्या माहेरच्या कुळनावाआधी 'मा' लावून हाक मारतात. द्लामिनी कुळातली लेक सासरी आयुष्यभर माद्लामिनी. नवऱ्याचं आडनाव कागदावर लागतं, तोंडी मात्र तिच्या बापाचं कुळ जिवंत राहतं.

ही कुळं आली कुठून? खोसांची मूळ कथा एका शिकारीची आहे. त्शावे, सिरा आणि ज्वारा हे भाऊ. (सिराच्या नावातला पहिला ध्वनी देवनागरीत मावत नाही. आपण हळहळताना चुकचुकतो, तसा तो आहे.) सिरा थोरल्या घरचा, त्शावे धाकट्या घरचा. शिकारीत त्शावेनं एक छोटं हरीण मारलं. रिवाजाप्रमाणे मांसातला मानाचा वाटा सिराला द्यायचा होता, तो त्शावेनं दिला नाही. सिरा आणि ज्वारा एक झाले, लढाई झाली आणि जिंकला त्शावे. तेव्हापासून खोसांचं राजकुळ त्शावेंचं. हरलेल्या भावांची नावं मात्र पुसली गेली नाहीत. सिरा आणि ज्वारा ही आजही मानानं सांगितली जाणारी कुळं आहेत.

पुढे बाहेरची माणसं येत गेली. खोसांचा राजा त्शिवो याच्या दरबारातल्या ख्वाने नावाच्या मंत्र्याची कथा सांगतात. चेटूक केल्याचा आरोप असलेल्यांना ठार करायचं काम त्याच्याकडे होतं. त्यानं त्यांना मारलं नाही, लपूनछपून डोंगरांपलीकडे खोई या पशुपालक लोकांत नेऊन सोडलं. पुढे राजावर संकट आलं तेव्हा ख्वाने याच माणसांची फौज घेऊन मदतीला आला. राजानं त्याला सरदारकी दिली. त्यातून खोसा आणि खोई मिळून अमाग्कुनुख्वेबे हा समाज उभा राहिला.

किनाऱ्यावरची हकीकत आणखी विलक्षण आहे. पोंडोलँड या म्पोंडो लोकांच्या किनारी मुलखातल्या खडकांवर युरोपी जहाजं फुटत. वाचलेल्यांपैकी काही जण तिथंच राहिले. अठराव्या शतकात वाहून आलेल्या एका गोऱ्या मुलीला स्थानिकांनी 'ग्कुमा', म्हणजे समुद्राची गर्जना, असं नाव दिलं, आणि ती म्पोंडो सरदार घराण्याची सून झाली. १७८२ मध्ये भारतातून इंग्लंडला निघालेलं 'ग्रोव्हनर' याच किनाऱ्यावर फुटलं. त्यातल्या माणसांच्या शोधात १७९० मध्ये गेलेल्या मोहिमेला अशा संकरित वंशाची आख्खी वस्ती सापडली. त्या भागात अबेलुंगू, म्हणजे 'गोरे', नावाचं कुळ आजही आहे. त्यातली माणसं बोलतात खोसा, वागतात खोसा, आणि पितरांचे विधीही खोसा रीतीनंच करतात. त्यांचे पितर तेवढे समुद्रातून आलेले.

१८२० च्या आसपास नाताळ प्रदेशाकडच्या लढायांमुळे झिझी, भेले, ह्लुबी अशी कुळं पळून आली, तीही आपापली नावं घेऊनच. माजी राष्ट्राध्यक्ष थाबो म्बेकी यांचं कुळ झिझी.

कुळ म्हणजे शुद्ध रक्ताची चौकट, असं मानणाऱ्यांनी ही उदाहरणं नीट पाहावीत. खोसांच्या कुळांत शत्रू, आश्रित आणि परके सामावले गेले, आणि कुणालाही आपल्या पूर्वजाचं नाव टाकून द्यावं लागलं नाही. समाज कसा वाढवावा याचं इतकं उमदं उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

खोसा माणसाशी कधी ओळख झाली तर आडनावावर थांबू नका. इसिदुको विचारा, आणि तो सांगू लागला की शेवटच्या नावापर्यंत ऐका.