पॅरिसचा अडलेला फेरा

पुसदसारख्या गावातूनही आता मुलं शिकायला, नोकरीला लंडनला जातात. तिथं बस्तान बसलं की महिन्याभरात त्यांना पॅरिस खुणावू लागतं. समुद्राखालच्या बोगद्यातून आगगाडी अडीच तासांच्या आत पोचवते, मग दोन दिवस जाऊन यायला काय हरकत? पण आपल्या पासपोर्टवर इंग्लंडचा व्हिसा असला, तरी फ्रान्ससाठी शेंगेन व्हिसा वेगळा काढावा लागतो. अर्ज, बँकेचा हिशेब, विमा, परतीचं तिकीट, बोटांचे ठसे! ‘‘चाचा, शेजारच्या देशात जायला एवढे कागद?’’ अशी तक्रार ऐकली की मी त्यांना लोकमान्य टिळकांची गोष्ट सांगतो.

शेजारचा मुलूख ही गोष्ट आपल्या भागाला नवी नाही. १९४७ पर्यंत पैनगंगेच्या अलीकडे इंग्रजी अंमल होता आणि पलीकडे निजामाची मोगलाई. मालावर करोडगिरी म्हणजे जकात लागे. पण माहूरला रेणुकेच्या किंवा शेख फरीदबाबांच्या दर्शनाला निघालेल्या माणसाकडं कुणी पासपोर्ट मागत नसे. रझाकारांच्या दिवसांची गोष्ट वेगळी. युरोपातही १९१४ पूर्वी बहुतेक देशांत पासपोर्टाशिवाय फिरता येई. पहिलं महायुद्ध आलं आणि हे पुस्तक माणसाच्या मानगुटीवर बसलं ते बसलंच.

टिळकांना त्याचा पहिला तडाखा १९१८ च्या वसंतात बसला. होमरूलची बाजू मांडायला ते इंग्लंडला निघाले होते. बरोबर न. चिं. केळकर होते, बिपिनचंद्र पाल होते आणि आपल्या वऱ्हाडचे दादासाहेब खापर्डेही. मंडळी कोलंबोपर्यंत पोचली आणि तिथं पासपोर्ट रद्द झाल्याचं कळलं. सगळे हात हलवत परत आले. त्याच वर्षी सप्टेंबरात टिळकांना परवानगी मिळाली, ती मात्र खटल्यासाठी. व्हॅलेंटाइन चिरोल या इंग्रज पत्रकारानं आपल्या पुस्तकात त्यांना हिंदी असंतोषाचे जनक म्हटलं होतं, राजकीय हत्यांशी त्यांचं नाव जोडलं होतं. त्याच्यावर त्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली होती. ऑक्टोबरअखेर ते लंडनला पोचले. ११ नोव्हेंबरला युद्ध थांबलं. मेडा व्हेल भागात हाउली प्लेसवर ज्या घरात ते राहिले, त्यावर आज त्यांच्या नावाची पाटी आहे.

खटला फेब्रुवारी १९१९ मध्ये ते हरले. आपली पाठ्यपुस्तकं इथं थांबतात. माझ्या मते खरी गोष्ट इथून पुढं आहे.

जानेवारी १९१९ पासून पॅरिसला शांतता परिषद भरली होती. अमेरिकेचे अध्यक्ष विल्सन स्वयंनिर्णयाची भाषा बोलत होते आणि जगभरच्या गुलाम देशांनी ती कान टवकारून ऐकली होती. डिसेंबर १९१८ च्या दिल्ली काँग्रेसनं परिषदेसाठी आपले प्रतिनिधी नेमले : टिळक, गांधी आणि पाटण्याचे बॅरिस्टर हसन इमाम. ही तीन नावं मला फार बोलकी वाटतात. लखनौ कराराला तेव्हा दोनच वर्षं झाली होती, आणि देशाच्या वतीनं बोलायचं तर तिथं हिंदू-मुसलमान दोघंही हवेत, हे काँग्रेसनं न सांगता सांगितलं होतं.

तिघांपैकी टिळक लंडनमध्येच होते. खाडी सर्वांत अरुंद जागी जेमतेम तेहतीस किलोमीटरची, आपल्या दोन तालुक्यांमधल्या अंतराएवढी. पण इंग्रज सरकारनं फ्रान्सला जायला पासपोर्ट नाकारला. का? कारण उघड होतं. हिंदुस्थानच्या नावानं परिषदेत माणसं अगोदरच बसवलेली होती : भारतमंत्री माँटेग्यू, बिकानेरचे महाराजा गंगासिंग आणि लॉर्ड सिन्हा. तिघंही सरकारनं नेमलेले. चौथा माणूस दारात उभा राहिला असता, तर या तिघांना कुणी निवडलं, हा प्रश्न कुणीतरी विचारलाच असता.

हा प्रकार एकट्या टिळकांशी झाला नाही. इजिप्तचे झगलूल पाशा आपल्या देशाची बाजू घेऊन पॅरिसला जाऊ पाहत होते, तर ८ मार्च १९१९ रोजी त्यांना पकडून माल्टा बेटावर धाडलं. अख्खा इजिप्त पेटला, तेव्हा कुठं त्यांना सोडून पॅरिसला जाऊ दिलं. आयर्लंडचे सीन ओ’केली पॅरिसला पोचले, पण परिषदेचं दार त्यांच्यासाठी उघडलं नाही.

टिळक त्रागा करत बसले नाहीत. माणूस जात नाही, तर कागद जाईल, असा त्यांचा हिशेब. विल्सन यांना त्यांनी लिहिलं. सचिवाकडून सभ्य पोच आली, की योग्य वेळी योग्य अधिकारी या प्रश्नाचा विचार करतील. सरकारी भाषा सगळ्या मुलखांत सारखीच! मग ११ मार्चला परिषदेचे अध्यक्ष क्लेमांसो यांना निवेदन गेलं. त्यातला मुद्दा आजही वाचण्यासारखा आहे. हिंदुस्थानला कुणाची भूमी नको, तो स्वतंत्र झाला तर आशियात शांतता टिकवायला राष्ट्रसंघाचा भक्कम आधार ठरेल, असं त्यांनी मांडलं. त्यांनी दयेचा अर्ज केला नव्हता. जगाच्या कारभारात हिंदुस्थानचा उपयोग काय, हे ते सांगत होते. आणि हे लिहिणाऱ्याच्या डोक्यावर तेव्हा नुकत्याच हरलेल्या खटल्याचा जबर खर्च होता, वय बासष्ट होतं.

२८ जून १९१९ रोजी व्हर्सायला तह झाला. हिंदुस्थानच्या वतीनं सह्या केल्या माँटेग्यू आणि गंगासिंग यांनी. टिळकांनी मग लंडनमध्येच सुधारणा विधेयकावरच्या संसदीय समितीपुढं साक्ष दिली आणि नोव्हेंबरात ते मुंबईला परतले. १ ऑगस्ट १९२० ला ते गेले.

आपल्या जिल्ह्यातल्या वणीचे बापूजी अणे त्यांचे कट्टर अनुयायी. त्यांनी पुढं टिळकांचं चरित्र संस्कृत श्लोकांत रचलं, ‘श्रीतिलकयशोऽर्णव’. त्याला १९७३ मध्ये, अण्यांच्या मागं, साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. पण मला त्यांचा आठवतो तो १० जुलै १९३० चा दिवस. भर पावसाळ्यात इथल्याच, पुसदजवळच्या राखीव जंगलात बापूजी विळा घेऊन शिरले आणि परवाना न काढता गवत कापलं. सरकारनं त्यांना लगेच अटक केली.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)