जेलच्या डॉक्टरची सही

नागपूरच्या वर्धा रोडवरचं मध्यवर्ती कारागृह 1864 सालचं. शहराच्या उत्तरेकडे, नागपूरकर ज्याला अजूनही पागलखाना चौक म्हणतात त्याच्याजवळचं प्रादेशिक मनोरुग्णालय, तेही 1864 सालचंच. मध्य प्रांत स्थापन होऊन तेव्हा तीनच वर्षं झाली होती. भोसल्यांचं राज्य खालसा करून दहा वर्षं लोटली होती आणि नव्या राजधानीत इंग्रजांची बांधकामं चालू होती. त्याच वर्षी कलकत्त्याच्या सरकारनं देशभरातल्या तुरुंगांची पाहणी करायला एक समिती नेमली. आधीच्या दहा वर्षांत हिंदुस्थानच्या तुरुंगांत 46,309 कैदी मेल्याचं त्या समितीनं नोंदवलं.

हा आकडा वाचून मी हातातलं पुस्तक मिटून बसले होते. हे फाशीचे मृत्यू नव्हते. पटकी, हगवण, ताप आणि दाटीवाटी यांनी माणसं मेली होती. वर्ष-सहा महिन्यांची शिक्षा भोगायला आलेल्यांनाही देहदंडच झाला. समितीनं उपाय सुचवले: प्रत्येक कैद्याला किमान 54 चौरस फूट जागा आणि 640 घनफूट हवा मिळावी, आणि जिल्ह्याचे तुरुंग सिव्हिल सर्जनच्या हाती द्यावेत. तेव्हापासून पुढे कित्येक दशकं जिल्ह्याचा सिव्हिल सर्जन हाच बहुतेक ठिकाणी तुरुंगाचाही अधीक्षक असे. विहिरीचं पाणी, संडासाची सफाई, भाकरीचं वजन हे सगळं डॉक्टरच्या देखरेखीखाली आलं. पण सकाळी नाडी बघणारा आणि दुपारी शिक्षा फर्मावणारा माणूस त्यामुळे एकच झाला. तुरुंगातल्या वैद्यकीची गाठ तिथे पडली, ती अजून पुरती सुटलेली नाही.

1894 चा तुरुंग कायदा मी निवृत्तीनंतर नीट वाचला. महाराष्ट्रातली कारागृहं याच कायद्यावर शंभराहून अधिक वर्षं चालली. प्रत्येक तुरुंगात रुग्णालय किंवा आजाऱ्यांसाठी योग्य जागा हवी, असं कलम 39 सांगतं. नवा कैदी आला की त्याची तपासणी करून तब्येत आणि अंगावरच्या जखमा वहीत लिहायच्या, हे कलम 24. चोवीस तासांपेक्षा जास्त काळ कोठडीत असलेल्याला दिवसातून एकदा तरी वैद्यकीय माणसानं भेटायचं. कामावरच्या कैद्याचं वजन पंधरवड्यातून एकदा त्याच्या हिस्ट्री तिकिटावर चढवायचं. हे वजन बघायचं ते मजुरी झेपते की नाही, एवढ्यासाठी. तरीही त्या आकड्यांनी अनेकांचे जीव वाचले असतील, कारण उतरतं वजन लपवता येत नाही.

त्याच कायद्यात फटक्यांची शिक्षा होती, जास्तीत जास्त तीस. ती देण्याआधी कैदी ती सोसायला लायक आहे, असं डॉक्टरनं लिहून द्यायचं. म्हणजे औषध लिहिणारी सहीच वेताच्या छडीलाही परवाना देई. पण कलम 14 वाचून मी थबकले. तुरुंगातल्या शिस्तीमुळे किंवा वागणुकीमुळे एखाद्या कैद्याच्या मनावर वाईट परिणाम होतो आहे असं डॉक्टरला वाटलं, तर त्यानं तसं अधीक्षकाला लेखी कळवायचं आणि तो कागद लगेच पुढे महानिरीक्षकापर्यंत जायचा. तुरुंग स्वतःच माणसाचं मन मोडू शकतो, हे 1894 साली इंग्रज सरकारनं कायद्यात कबूल केलं होतं.

मी विदर्भातल्या एका सरकारी इस्पितळात परिचारिका होते. तिथे कैद्यांची वेगळी खोली होती. खिडकीला गज, दाराशी स्टुलावर पोलीस, खाटेच्या पायथ्याशी केसपेपर. एक वयस्क शिक्षाबंदी मला चांगला आठवतो. आत शिवणकामावर होता. मानसिक आजाराच्या गोळ्या चालू होत्या, आणि त्यानं त्या जिभेखाली धरून थुंकायला सुरुवात केली होती. कारण विचारलं तर त्यानं हात पुढे केले. बोटं थरथरत होती. सुईत दोरा ओवता येत नव्हता, आणि शिवणकाम गेलं की दिवस जाणार नव्हता. थरथर त्या गोळ्यांमुळे आहे आणि तिच्यावर वेगळी गोळी मिळते, हे त्याला कुणी सांगितलेलंच नव्हतं. डॉक्टरांनी ती लिहून दिली, त्याची बोटं स्थिरावली, तो पुन्हा औषध घेऊ लागला. पुढची तारीख पंधरा दिवसांनंतरची होती. त्या दिवशी तो आला नाही. डिसेंबर होता, गार्ड सगळे विधिमंडळाच्या अधिवेशनाच्या बंदोबस्ताला गेले होते. तो परत आला तेव्हा गोळ्या कधीच संपल्या होत्या आणि तो मला ओळखत नव्हता. त्याच्या आजारावरचं औषध कुठेही मिळण्यासारखं, स्वस्तातलं होतं. कमी पडले ते त्याच्याबरोबर येणारे दोन पोलीस.

मनाच्या आजाराचे कैदी तुरुंग आणि मनोरुग्णालय यांच्यामध्ये असेच लोंबकळत आले आहेत. 1858 आणि 1912 च्या वेड्यांसंबंधीच्या कायद्यांनी त्यांना कुलूपबंद करायची सोय नीट लावली, बाहेर काढायची नाही. आसामच्या मचल लालुंगना 1951 मध्ये अटक झाली आणि तेजपूरच्या मनोरुग्णालयात पाठवलं गेलं. 1967 मध्ये डॉक्टरांनी ते बरे असल्याचं कळवलं. घरी पाठवायचं सोडून त्यांना गुवाहाटीच्या तुरुंगात नेलं, आणि सुटका झाली 2005 मध्ये. चोपन्न वर्षं, खटला न चालता. डॉक्टरची सही होती, ती वाचणारं कुणी नव्हतं.

गुन्हाच नसलेल्या मनोरुग्णांना तुरुंगात ठेवणं घटनाबाह्य आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं 1993 मध्ये दिला, तो आपल्या पत्रकार शीला बारसे यांच्या याचिकेवर. इस्पितळातल्या कैद्याला खाटेला बेड्या घालायच्या नाहीत, हे 1995 मध्ये आसामच्याच एका प्रकरणात ठरलं. नागपूरच्या कारागृहात फाशी यार्ड आहे, म्हणून 2014 चा शत्रुघ्न चौहान निकाल इथे जास्त मोलाचा. फाशीच्या कैद्यांची मानसिक तपासणी नियमित व्हावी आणि मनोरुग्णाला फाशी देऊ नये, असं त्यानं सांगितलं. 2019 मध्ये महाराष्ट्रातल्याच एका कैद्याची फाशी गंभीर मानसिक आजारामुळे जन्मठेपेत बदलली.

मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 चा. प्रत्येक राज्यात किमान एका कारागृहाच्या वैद्यकीय विभागात मानसिक आरोग्य केंद्र हवं, आणि कारागृहांतल्या सगळ्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना मनाच्या आजारांचं प्राथमिक प्रशिक्षण द्यायला हवं, असं तो सांगतो. मात्र त्याच कायद्यात, आपल्याकडे मनोरुग्ण कैदी नाहीत, असं प्रमाणपत्र जेलच्या डॉक्टरनं दर तीन महिन्यांनी द्यायचं आहे. ज्या इमारतीत माणसं मावत नाहीत, तिथून दर तिमाहीला असा कागद प्रामाणिकपणे कसा निघावा? आजारी किती आणि त्यांच्यासाठी काय केलं, हे विचारायला हवं होतं.

नागपूर कारागृहाची अधिकृत क्षमता 1,840, आणि आत माणसं नेहमीच त्याहून जास्त. चाकाच्या खुर्चीवर असलेले, नव्वद टक्के अपंगत्व असलेले प्राध्यापक जी. एन. साईबाबा माओवाद्यांशी संबंधांच्या आरोपावरून इथल्या अंडा सेलमध्ये होते. उपचारांबद्दल त्यांच्या कुटुंबानं वारंवार तक्रारी केल्या. 5 मार्च 2024 ला नागपूर खंडपीठानं त्यांना निर्दोष ठरवलं, आणि 12 ऑक्टोबरला ते गेले. त्यांच्या विचारांशी कुणाचं काहीही भांडण असो, आजारी माणसाच्या उपचाराला विचारांची अट नसते. माझ्या सेवेत मी हेच शिकले.

डॉक्टर आणि तुरुंग यांची ही गाठ काही देशांनी सोडवली आहे. नॉर्वेनं 1988 मध्ये, फ्रान्सनं 1994 मध्ये आणि इंग्लंडनं 2006 पर्यंत कैद्यांचं आरोग्य तुरुंग खात्याकडून काढून सार्वजनिक आरोग्यसेवेकडे दिलं. संयुक्त राष्ट्रांच्या 2015 च्या मंडेला नियमांत लिहिलं आहे की वैद्यकीय निर्णय तुरुंगाच्या अधिकाऱ्यानं फिरवायचा नाही आणि डॉक्टरनं शिक्षेत भाग घ्यायचा नाही.

आपल्याकडेही एवढं करता येईल. कारागृहातला डॉक्टर आरोग्य विभागाला जबाबदार असावा, अधीक्षकाला नाही. मनोरुग्णालयाचे डॉक्टर ठरल्या दिवशी जेलमध्येच यावेत, म्हणजे गार्डवाचून औषध अडणार नाही. आणि इस्पितळानं दिलेली तारीख न्यायालयाच्या तारखेइतकीच पक्की धरावी. ती चुकली तर का चुकली, याचं लेखी उत्तर कुणीतरी द्यावं. 1864 साली मेलेले कैदी मोजले म्हणून तुरुंगांत बदल झाले. आज चुकलेल्या तारखा मोजायला सुरुवात करूया.