नाइस म्हणजे अडाणी

फोटो टाकला की खाली पहिला शेरा ठरलेला: 'नाइस'. साडी नाइस, भाजी नाइस, जावईसुद्धा नाइस! या गुळगुळीत शब्दाचं मूळ मात्र चांगलंच बोचरं आहे. लॅटिनमध्ये 'ने' म्हणजे न आणि 'स्किरे' म्हणजे जाणणे. त्यावरून 'नेस्कियुस', म्हणजे चक्क अज्ञ. गंमत अशी की 'सायन्स'ही याच 'स्किरे'चं लेकरू. एक भाऊ जाणता, दुसरा अजाण!

फ्रेंचमधून हा शब्द इंग्रजीत आला तेव्हा 'नाइस' माणूस म्हणजे मूर्ख माणूस. मग तो झाला नखरेल, पुढे चोखंदळ, मग काटेकोर. बारीक, नेमका भेद दाखवताना इंग्रजीत आजही 'नाइस' म्हणतात, ही त्याचीच खूण. 'छान' हा अर्थ अठराव्या शतकात रुळला आणि शब्द इतका स्वस्त झाला, की जेन ऑस्टिननं 'नॉर्दँगर ॲबी' या कादंबरीत नायक हेन्री टिल्नीच्या तोंडून त्याची यथेच्छ टर उडवली.

आपल्याकडे 'साहस'ही असंच सुधारलं. संस्कृतात ते अविचार, बळजोरी, अगदी गुन्हासुद्धा होतं. आता आपण साहसासाठी पदकं देतो.

तेव्हा पुढच्या फोटोखाली 'झकास' लिहा.