नटाचे अध्यापन

नटाची विद्या नटाबरोबर लयास जाते, असा आपला जुना समज आहे. गजानन जागीरदार यांचे चरित्र त्यास छेद देते. अमरावतीस १९०७ साली जन्मलेल्या या नटाने ‘पडोसी’तील (१९४१) मिर्झा आणि ‘रामशास्त्री’तील (१९४४) करारी न्यायाधीश, या भूमिका पुण्यातील प्रभातच्या स्टुडिओत साकारल्या, ‘रामशास्त्री’चे दिग्दर्शनही त्यांचेच. १९५३ साली प्रभात बंद पडली. १९६० साली त्याच आवारात भारत सरकारची चित्रपट-शिक्षणसंस्था सुरू झाली, आणि तिचे पहिले प्रमुख जागीरदार झाले. प्रभातमध्ये उमेदवारीने, पाहून-करून मिळणारी विद्या आता अभ्यासक्रमाने द्यावयाची होती. प्रतिभा शिकविता येत नाही, हे खरे. परंतु तिची शिस्त शिकविता येते. जागीरदारांच्या अध्यापनाचे ऐतिहासिक महत्त्व नेमके येथेच आहे.